सात नंबरची पाऊसबाग

पाथर्डी फाट्याजवळ, पांडवलेणीच्या डोंगराकडे तोंड करून बसलेल्या एका वसाहतीच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या कडेला एक लांबट, खोलगट जागा आहे. तिच्यात कर्दळ आहे, वाळा आहे, गवती चहाचे दोन दांडगे झुबके आहेत. शहराच्या पाऊसपाणी विभागाने अशा अकरा जागा केल्या. रस्त्यावरून धावत येणारे पाणी कडेच्या फटीतून आत यावे, पालापाचोळ्याने आणि वाळूमिश्रित मातीने त्याचा गाळ व तेलकटपणा अडवून ठेवावा, आणि बारा तासांच्या आत ते खालच्या खडीतून मुकाट्याने जमिनीत उतरावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. विभागाच्या कागदांत त्यांचे नाव दीड ओळीचे होते. लोक त्यांना पाऊसबागा म्हणत.

या अकराही बागांची तपासणी बुद्धभूषणकडे होती. वय सव्वीस, नोकरी कंत्राटी, अंगात राखाडी रेनकोट आणि हातात खांद्याएवढी उंच लोखंडी मोजकाठी. अंगावर इंचांच्या खुणा, खाली अणकुचीदार टोक. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याचा आवाज घशातच कुठेतरी ओसरून जाई. म्हणूनच हे काम त्याला मनापासून आवडे. पाऊस पडून गेल्यावर बागेच्या काठावर उकिडवे बसावे, काठी पाण्यात धरावी, आणि पाणी एकेक खूण मागे ठेवीत खाली जाताना पाहावे. कुणाचाही निरोप न घेता, मागे काही न मागता निघून जाणाऱ्या त्या पाण्याविषयी त्याला एक प्रकारची असूया वाटे.

मात्र एक सवय त्याच्या अंगात मुरलेली होती. न कळवता कुणाच्या दारात जाणे त्याला जमत नसे, आणि पाऊसबाग हेही त्याला कुणाचे तरी दारच वाटे. तपासणीच्या आदल्या दिवशी तो सात नंबरच्या बागेची देखभाल करणाऱ्या पुंजाला फोन करी. "पुंजाकाका, उद्या सकाळी आलो तर चालेल का?" पुंजा म्हणे, "या की साहेब. तुमचंच हाय."

आणि सात नंबरची बाग म्हणजे विभागाचा अभिमान होती. तीन नंबरमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या तुंबत, नऊ नंबरमध्ये शेजारच्या बांधकामाचा चिखल येऊन बसे. सात नंबर मात्र कितीही पाऊस होवो, सकाळी बघावी तर रिकामी. दोन वर्षांत एकदाही तिच्यात पाणी तुंबलेले बुद्धभूषणला आढळले नव्हते; अगदी पहिल्या खेपेचा अपवाद सोडला तर. शेवटी तिला नमुना बाग ठरवण्यात आले आणि तिची परीक्षा घ्यायला बाहेरगावची एक समिती येणार असे ठरले.

पुंजासाठी ही परीक्षा साधी नव्हती. नऊ वर्षे तो रोजंदारीवर होता. विभागातल्या वरिष्ठांनी बुद्धभूषणला समोर बसवून सांगितले होते, "समितीनं 'पाणी बारा तासांत जिरलं' एवढं लिहिलं की पुंजा कायम. नाही लिहिलं, तर महिनाअखेर त्याचं काम बंद. बाग ठेकेदाराकडे जाईल."

समिती गुरुवारी येणार होती. मंगळवारी पहाटे निरोप आला की ती आजच, सहा वाजता पोहोचते आहे. बुद्धभूषणला फोन करायलाही सवड मिळाली नाही. तो साडेपाचला धापा टाकीत वसाहतीच्या कोपऱ्यावर पोचला आणि जागच्या जागी थांबला.

रात्री पाऊस झाला होता. बागेत पुंजा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्यापासून वसाहतीच्या फाटकापर्यंत सतरा माणसे रांगेत उभी होती, आणि हातोहात बादल्या पुढे जात होत्या. दाढीला साबण लावलेले एक गृहस्थ होते, शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली होत्या. रांगेच्या टोकाला, निवृत्त मुख्याध्यापिका वत्सलाबाई छत्री धरून कोणती बादली कुठे जायची ते सांगत होत्या. बुद्धभूषण दिसताच सगळे थबकले. एक भरलेली बादली दोन माणसांच्या हातांत तशीच लोंबकळत राहिली.

"आज फोन नाय केला साहेब," पुंजा म्हणाला. आवाजात रुसवा होता.

"चुकलो," बुद्धभूषण म्हणाला. मग रांगेकडे पाहत, "हे काय चाललंय काका?"

"पाणी काढतोय."

"ते जिरायला हवं."

"कसं जिरंल? खाली कागद हाय ना."

पुंजा मूळचा सायखेड्याचा. त्या बाजूला द्राक्षबागांसाठी शेततळी खोदतात, आणि तळे खोदले की त्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, पाणी मुरून वाया जाऊ नये म्हणून. पुंजाच्या घरच्या तळ्याचा थोडा कागद उरला होता.

"इथं येऊन बघतो, तर खडी टाकून झालेली, माती टाकायला निघालेले, आन् कागदाचा पत्ता नाय," तो सांगू लागला. "म्हटलं, ठेकेदारानं कागद खाल्ला. माणसं दुपारी जेवायला गेली, तवा घरचा आणून अंथरला. पाचशे मायक्रॉन. एक नंबर माल. कुणाला बोललो नाय, का गाजावाजा केला नाय. आमच्याकडं बिनकागदाचं तळं दिसलं तर येणारा-जाणारा थांबून इचारतो, घरात काय अडचण हाय का म्हणून."

"पण ही बाग पाणी साठवायला नाही, जिरवायला आहे."

"ते तुम्ही आल्यावर कळलं. पहिल्या पावसात पाणी थांबलं, मी म्हटलं फत्ते. तर तुम्ही काठी बुडवून बघितली आन् तुमचा चेहरा असा झाला की बस."

"अहो, दोन दिवस आमच्या घरात तुमच्या चेहऱ्याशिवाय दुसरा विषय नव्हता," वत्सलाबाई म्हणाल्या. "मग आम्ही ठरवलं, या मुलाला पुन्हा तसं बघायचं नाही. तुमचा फोन आला की पुंजा शिट्टी वाजवतो, आम्ही बादल्या घेऊन उतरतो. या आठवड्यात समिती यायची म्हणून फोनाशिवाय रोजच उतरतोय. गाड्या धुतो, झाडांना घालतो. माझा सोनचाफा बघा कसा वाढलाय."

दोन वर्षे आपण वहीत नोंदवीत आलो ते जमिनीचे गुण नव्हते, सतरा माणसांची दया होती, हे बुद्धभूषणच्या ध्यानात आले. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याचे डोळे भरून आले, म्हणून तो वळून डोंगराकडे पाहू लागला. डोंगराचा माथा ढगात गेला होता. लहानपणी आईबरोबर लेणी पाहायला गेला असताना खडकात कोरलेली पाण्याची टाकी त्याने पाहिली होती. तिथल्या पाण्याला कुठे निघून जायचे नव्हते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. किती सोपे होते ते.

मागे बादल्या पुन्हा हलू लागल्या, आणि सहा वाजता समिती आली तेव्हा शेवटची बादली फाटकाआड गेली होती. चार जण होते. अध्यक्ष उंच, कृश, आणि पावसाविषयी एखाद्या उनाड हाताखालच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलणारे. बाग रिकामी पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी टँकर मागवला.

"साहेब, पाऊस पडतोच आहे," बुद्धभूषण अडखळत म्हणाला.

"हा पाऊस प्रमाणित नाही. प्रमाणित पाऊस टँकरचा असतो," अध्यक्ष म्हणाले. "आणि हा मध्ये पडत राहिला तर मोजमापात गोंधळ होईल. याला आधी थांबवा."

पाऊस थांबवणे कुणाच्या हातात नव्हते, म्हणून वसाहतीच्या गणेश मंडळाची ताडपत्री आणली गेली आणि बागेवर मांडव घालण्यात आला. रस्त्यावरचे पाणी आत शिरू नये म्हणून फटीपुढे वाळूची पोती रचली. खरा पाऊस पोत्यांना वळसा घालून, जरासा घुटमळून, गटाराकडे निघून गेला. मग मांडवाखाली टँकरचा पाऊस पाडण्यात आला. साडेसहाला काठीवर नऊ इंच भरले. संध्याकाळच्या साडेसहापर्यंत ते शून्यावर यायला हवे होते. चौघे खुर्च्या मांडून पाण्याभोवती बसले.

सात वाजता नऊ इंच. आठ वाजता नऊ. दहा वाजता एक खंड्या येऊन टँकरच्या पाइपवर बसला आणि मासा शोधू लागला. वत्सलाबाईंनी पोहे आणले, चहा आणला, आणि बारा वाजता पदर सावरत म्हणाल्या, "पानं वाढली आहेत. आत येऊन निवांत दोन घास खा. पाणी कुठे पळून जातंय?"

"तेच तर पाहायचं आहे," अध्यक्ष म्हणाले. "चाचणी सोडून हलता येत नाही."

"मग निदान तुळशीपुरतं तांब्याभर घेते यातलं."

"बाई, एका तांब्यानं निष्कर्ष बदलतो."

एक वाजता मांडवाच्या फाटलेल्या कोपऱ्यातून ठिबकून पाणी सव्वानऊ इंच झाले. समितीने बराच खल केला. जिरण्याच्या चाचणीत पाणी वाढू शकत नाही, असे ठरले आणि नऊच लिहिण्यात आले.

दोनच्या सुमाराला पुंजा बुद्धभूषणच्या शेजारी येऊन बसला. तळहाताला लागलेला चिखल तो नखाने खरवडत होता.

"सांगून टाका साहेब. कागद माझा हाय. तुमच्यावर बालंट नको."

"सांगितलं तर तुमचं काम जाईल."

"नाय सांगितलं तरी साडेसहाला जाणारच हाय." पुंजा पाण्याकडे पाहत राहिला. "जाईन सायखेड्याला. तळ्यावर बसंन. तिथं पाणी थांबलं तर कुणी तोंड पाडत नाय."

बुद्धभूषणने हातातल्या काठीकडे पाहिले. शाळेत गोष्ट सांगायला उभे केले तेव्हा फळ्याकडे तोंड करून उभा राहिलेला हा मुलगा. चार खुर्च्या, सतरा माणसे आणि वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या यांच्यासमोर काही करण्याची कल्पनाही त्याने कधी केली नव्हती. त्याने बूट काढले. मोजे काढून बुटांत नीट घालून ठेवले. पँट दुमडली, आणि काठी घेऊन तो पाण्यात उतरला.

"काय करताय?" अध्यक्षांनी विचारले.

"तपासणी." घशात ओसरू पाहणारा आवाज त्याने कसाबसा अडवून धरला. "देखभाल पुस्तिकेत लिहिलंय, निरीक्षकाने बागेत प्रत्यक्ष उतरून माती घट्ट झाली आहे का ते पाहावं."

हे खरोखरच लिहिलेले होते. इतकेच, की ते वाचून कुणी कधी उतरले नव्हते.

"किती ठिकाणी पाहावं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग पाहा."

त्याने काठीचे टोक मातीत रोवले. भिजलेल्या मातीतून ते सहज दीड फूट खाली गेले आणि कशावर तरी अडले. गुळगुळीत, चिवट, हट्टी. त्याने अंगाचा सगळा भार काठीवर टाकला. खाली काहीतरी फाटले. आवाज आला नाही, पण तळव्यांना तो ऐकू आला. काठावर पुंजाने डोळे मिटून घेतले.

"हळू," तो पुटपुटला. "चांगला कागद हाय."

एकतीस ठिकाणी बुद्धभूषणने काठी रोवली. कर्दळीच्या मुळांना जपत, वाळ्याला वळसा घालत तो पाण्यातून हळूहळू फिरला, आणि सबंध वसाहत श्वास रोखून पाहत राहिली. बाराव्या खेपेला पहिला बुडबुडा वर आला. विसाव्या खेपेनंतर त्याच्या घोट्याभोवती एक लहानसा भोवरा फिरू लागला. खालची खडी दोन वर्षे कोरडी होती. ती पाण्यावर तुटून पडली. तीन वाजता आठ इंच. चार वाजता पाच. पाच वाजता दोन. सहाला दहा कमी असताना बागेत फक्त ओला पालापाचोळा आणि दोन पायांचे ठसे उरले. खंड्या केव्हाच उडून गेला होता.

समिती मांडवाखाली कुजबुजली. मग अध्यक्ष उभे राहिले.

"पाणी बारा तासांत जिरलं," ते म्हणाले, आणि रांगेतल्या कुणीतरी बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मात्र एक गोष्ट लक्षणीय आहे. निरीक्षक बाहेर होते तोवर पाणी ढिम्म हललं नाही. निरीक्षक आत उतरले आणि जिरलं."

"साहेब, त्याचं कारण वेगळं आहे," बुद्धभूषण म्हणाला. "खाली..."

"कमीपणा घेऊ नका. आकडे बोलतात."

पंधरा दिवसांत पुंजाच्या कायम होण्याच्या आदेशावर सही झाली. त्याच पाकिटातून दुसरे परिपत्रक आले. प्रत्येक पावसानंतर निरीक्षकाने अकराही बागांत अनवाणी उतरावे, एकतीस ठिकाणी काठी रोवावी, आणि पाणी जाईपर्यंत आत उभे राहावे.

बुद्धभूषण उभा राहू लागला. पहिल्या दिवशी त्याला वाटले, लाजेने आपणच मातीत उतरून जाऊ. गॅलऱ्यांतून लोक पाहत, कुणी फोटो काढी. पण नुसते उभे राहून करायचे काय, म्हणून तीन नंबरमध्ये पायाला लागलेल्या पिशव्या तो उपसून काढू लागला. नऊ नंबरमधला चिखल त्याने फावड्याने काढला, वरची घट्ट झालेली माती खणून भुसभुशीत केली, तुंबलेल्या फटी मोकळ्या केल्या. दसऱ्यापर्यंत त्याही बागा बारा तासांत रिकाम्या होऊ लागल्या. परिपत्रक बरोबर असल्याचा हा आणखी एक पुरावा समजण्यात आला.

सात नंबरला तो सर्वांत शेवटी जाई. तिथे आता त्याच्यासाठी काहीच काम नसे. पाणी त्याच्या आधीच निघून गेलेले असे. तरी तो नेमाने उतरे. काठावर वसाहतीची माणसे सवयीने रिकाम्या बादल्या घेऊन उभी असत. वत्सलाबाई म्हणत, सोनचाफ्याचा बहर यंदा जरा कमीच आहे. सगळे मिळून त्या कोरड्या होत गेलेल्या जागेकडे पाहत राहत.

परतीच्या पावसात एका सकाळी पुंजा नव्या खाकी गणवेशात काठावर येऊन बसला. त्याने इकडे-तिकडे पाहिले आणि आवाज खाली घेतला.

"साहेब, घरी अजून थोडा कागद उरलाय."

बुद्धभूषणने काठावरच्या बादल्यांकडे पाहिले. वत्सलाबाईंनी घाईने नजर दुसरीकडे वळवली.

"असू द्या, काका," तो म्हणाला. "तळ्याला लागेल."

आणि काठी उचलून त्याने पहिल्या ठिकाणी, अगदी सावकाश, रोवली.