तिसऱ्या नळीतला गाळ

तलावाचा गाळ खालून वर वाचतात. तळाशी असतं ते जुनं, वर असतं ते कालचं. ही गोष्टही तशीच साचली आहे. पान मात्र उलटं धरू नका, तळच आधी लिहिला आहे.

तळ : घट्ट, दाबून बसलेला

मे महिन्यात गावची बोडी आटली. बोडी म्हणजे धानासाठी बांधलेला लहान तलाव. चोरखमाऱ्याचा तलाव मोठा, तिथे परवानग्या लागल्या असत्या. इथे फक्त ऊन लागलं. सोनिकाने आमगावहून पीव्हीसी पाइप आणला, त्याच्या तीन नळ्या कापल्या आणि मोठ्या भावाच्या, टिकेशच्या हातात घण दिला. एक नळी काठाजवळ ठोकायची, एक जरा आत, आणि तिसरी मधोमध, जिथलं पाणी सगळ्यांत शेवटी आटतं आणि थर अखंड राहतात.

"सरळ मार ना भाऊ."

"सरळच मारून राहिलो. तुझी बोडीच वाकडी आहे."

नळ्या घरी आल्या तेव्हा त्यांची आई, गोमतीबाई, ओसरीत तांदूळ निवडत होती.

"लोकं गाळ धानाच्या बांधीत नेऊन टाकतेत. हे पोरगी घरात आणून राहिली."

नळ्या धानाच्या कोठीमागे, अंधाऱ्या खोलीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थंड जागा, ऊन नाही. गाळाला तेच हवं असतं.

त्यावर : चिकट

मागच्या वर्षी सोनिकाचा पीएच.डी.चा अर्ज एका ओळीनिशी परत आला होता. *प्राथमिक काम दिसत नाही.* भूशास्त्रात एम.एस्सी., गुण चांगले, आणि खाली ती ओळ. या वर्षीच्या अर्जात त्या ओळीला तिचं उत्तर होतं : तीन नळ्या. कुठल्या काळात पाऊस ओसरला, कुठल्या काळात पूर आला, ते बोडीतल्या थरांवरून काढायचं.

माझ्या प्रस्तावाचा आधार तिसरी नळी आहे.
(खोडलं.)
माझ्या प्रस्तावाचा सगळा आधार तिसरी नळी आहे.
(ठेवलं. पाठवलं.)

मुलाखतीचं बोलावणं आलं. ऑनलाइन. नमुने कॅमेऱ्यासमोर दाखवावेत, असं त्यात होतं.

त्यावर : नखाएवढा थर, नजरेतून सहज सुटणारा

सोनिका कानात इअरफोन घालून कुणाकुणाची व्याख्यानं ऐकत बसलेली. मायने दारातून काहीतरी विचारलं. सोनिकाने मान हलवली.

त्यावर : काळा, मऊ, बोटांचे ठसे उमटलेला

मुलाखतीच्या सकाळी ती नळ्या आणायला अंधाऱ्या खोलीत गेली. पहिली जड. दुसरी जड. तिसरी हातात इतकी हलकी आली की तिचा तोलच गेला.

"माय! ह्या नळीतली माती?"

"भुजलीले घेतली."

भुजली म्हणजे श्रावणात अंधारात उगवलेला पिवळा गहू. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी तो पाण्यात शिरवतात, म्हणजे सोडतात. त्याला माती तलावाचीच लागते. दरवर्षी बायका गाणी म्हणत बोडीवर जातात आणि ती घेऊन येतात. यंदा बोडी तुडुंब, काठाची पाळ निसरडी. आणि घरात, जिथे भुजली ठेवायची त्याच खोलीत, बोडीची बिनखड्याची काळी माती नळीत भरून उभी. मायने ती मुसळाने ढकलून बाहेर काढली, घमेल्यात कालवली, पळसाच्या द्रोणांत भरली आणि गहू पेरला. आता तो बोटभर झाला होता.

"मले विचारायचं तं होतं!"

"विचारलं ना! दोन खेपा विचारलं. तू मान हालवली."

"कानात इअरफोन होते माय."

"मंग मान कायले हालवली?"

माय गव्हाच्या द्रोणांकडे पाहत उभी राहिली, मग सोनिकाकडे.

"बोडीतच आहे ना अजून तेच माती?"

"पाण्याखाली आहे."

माय चुलीकडे गेली.

त्यावर : थर नाही

त्यावर : मिसळलेला, बाहेरून आणलेला

सोनिका कोठीला टेकून बसली होती. टिकेशने रिकामी नळी उचलली, अंगणात नेली आणि केळीच्या बुडाशी असलेला चिखल तिच्यात कोंबायला लागला.

"काय करून राहिला?"

"तुयी पीएच.डी. भरून राहिलो. फोनवर सगळा चिखल सारखाच दिसते."

"सारखा नसते."

"तुले दिसते. त्यायले का दिसते?"

त्याने नळी आणून दिली. सोनिकाने निरखून पाहिलं. काळी, ओली, तोंडापर्यंत भरलेली. खरंच, फोनवर चालून गेली असती. तिने ती इतर दोन नळ्यांच्या शेजारी ठेवली.

त्यावर : मुलाखत

पडद्यावर तिघं. पिकल्या मिश्यांचे सर, चष्म्यातल्या एक मॅडम आणि कॅमेरा बंद ठेवलेलं कुणीतरी. बोलणं हिंदीत सुरू झालं. सोनिकाने पहिली नळी दाखवली. दुसरी दाखवली. सर मान डोलवत होते.

"आणि तिसरी? तुमचा सगळा आधार?"

सोनिकाने टिकेशची नळी उचलली. मांडीवर आडवी धरली. कॅमेऱ्यापर्यंत नेली नाही.

"सर, तिसरीतल्या मातीत गहू पेरला गेला."

"क्या?"

ती उठली आणि एक द्रोण घेऊन आली. पिवळी पाती पडद्यावर थरथरली. मग तिने सगळं सांगितलं : भुजली, मुसळ, घमेलं, इअरफोन. तिसऱ्या नळीत आता केळीखालचा चिखल आहे, तेही.

दाराआडून आवाज आला, "विचारून घेतली होती, म्हन त्यायले!"

मॅडम हसल्या. हसू थांबेना, तेव्हा चष्मा काढून पदराने डोळे पुसले. सर हसले नाहीत.

"तिथून पुन्हा नमुना कधी मिळेल?"

"बोडी भरली आहे, सर. आता मे महिन्यातच."

"म्हणजे तोवर तिसरी नळी नाही."

"नाही."

मग सर म्हणाले, "पीएच.डी. किती वर्षांची असते?"

"पाच."

"मग मे महिने किती?"

"पाच," सोनिका म्हणाली, शाळेत पाढ्याचं उत्तर द्यावं तशी. आणि मगच तिला कळलं, काय विचारलं ते.

"आमची एक अख्खी पेटी मालगाडीतून हरवली होती," मॅडम म्हणाल्या. "ती कुठे पेरली गेली, ते आजवर कळलं नाही. चला, पहिली नळी पुन्हा धरा. तो फिकट पट्टा कसला?"

सोनिकाने नळी धरली. फिकट पट्ट्याबद्दल तिला पुष्कळ बोलायचं होतं, आणि ती बोलत राहिली.

सगळ्यांत वर : अजून ओला

भुजली शिरवून झाली. पोळा होऊन गेला. दुपारी जेवणं चालू असताना फोन वाजला आणि सोनिकाने उष्ट्या हातानेच मेल उघडला.

"झाली निवड."

टिकेशने ताटावरूनच शिट्टी मारली. माय वाढता वाढता थांबली.

"म्हणजे माझ्याच्यानं काही बिघडलं नाई?"

"नाई वो माय."

"पक्कं?"

"पक्कं. वाचून दाखवू?"

"इंग्रजीत हाये का? मंग ऱ्हाऊ दे." तिने पळी भांड्यात टाकली आणि दोघांच्या मधे खालीच बसली. "वाढ मले. त्या दिवसापासून पोटभर जेवलीच नाई मी. सांगू कोनाले?"

सोनिकाने भात वाढला, त्यावर वरण ओतलं. मायने पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला आणि दुसरा घ्यायच्या आधीच ताट पुढे केलं.

"अजून घाल."