उतरता न येणारी गाडी

वीस वर्षं लोकांचे दात उपटून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हौसेनं मोठी गाडी घेतली. आईचा गुडघा बदललेला, तिला ऐसपैस बसता यावं म्हणून. बटण दाबलं की गाडी अलगद खाली बसायची. आई तीन आठवडे खूश होती.

मग गाडीतल्या पडद्यावर बिघाडाची पिवळी खूण उमटली. सर्व्हिस सेंटरनं चार दिवस गाडी ठेवून घेतली. पुन्हा बिघडली, तेव्हा पंधरा दिवस. तिसऱ्यांदा महिना. दर वेळी गाडी धुऊनपुसून, अत्तर फवारून परत यायची, आणि वर तेच वाक्य, "सॉफ्टवेअर अपडेट केलंय, मॅडम."

एका सकाळी हाडांच्या दवाखान्यासमोर गाडी थांबली आणि आपली आपण वर उचलली गेली. बटण दाबलं, ढिम्म. बंद करून चालू केली, तरी ढिम्म. आई दारात पाय लोंबकळवत बसलेली.

"अगं, आता उडी मारू का मी?"

बघे जमले. एकानं मोबाइल काढला. शेवटी दवाखान्याचा वॉचमन आणि समोरचा औषधवाला, दोघांनी तिच्या काखेत हात घालून तिला पोत्यासारखं खाली घेतलं. आई कपडे सारखे करत राहिली. वर बघितलंच नाही तिनं.

आईला रिक्षानं घरी धाडून डॉक्टरीणबाई तडक सर्व्हिस सेंटरला गेल्या.

"कॉफी घेणार, मॅडम?" मॅनेजर म्हणाला.

"माझ्याकडे तोच दात चौथ्यांदा दुखला, तर मी पेशंटला कॉफी विचारत नाही. चुकले म्हणते."

"पण कॉम्प्युटर काही फॉल्ट दाखवत नाही ना!" तो हसला.

त्या हसण्याची त्यांना शिसारी आली. गाडीत बसल्यावर कोऱ्या चामड्याचा वासही नकोसा झाला. काचा खाली करूनच त्या घरी आल्या.

आठवड्याभरात त्यांनी गाडी विकायला काढली. घ्यायला एक बिल्डर आला. त्यांनी सगळ्या बिघाडांचा कागद पुढे केला, आईचं काय झालं तेही सांगितलं. त्यानं कागद न वाचताच घडी घालून खिशात टाकला.

"बायकांना एवढी गाडी झेपत नाही, मॅडम. मी बघतो."

बाईंनी किल्ली त्याच्या तळहातावर टाकली आणि आत जाऊन साबणानं हात धुतले.