तेवीस नंबरची वायर

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. यात पापी कोण, हे शोधायचे कष्ट तुम्हाला देत नाही. पापी मीच.

इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत मी तीस वर्षं काढली. रुग्णांच्या फायली, कपाटं आणि कपाटावर भिंतीला ठोकलेला नेटवर्कचा स्विच. चपटी लोखंडी पेटी हो, तिला चोवीस पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या खाचा. प्रत्येकीपाशी मोहरीएवढा दिवा. रक्ततपासणी, औषधं, केसपेपरची खिडकी, सगळीकडचे कंप्युटर त्या पेटीत एकमेकांना भेटायचे.

ती सांभाळायला एक तंत्रज्ञ होता, कंत्राटावरचा. सगळे त्याला बुवा म्हणत, कारण एक वायर बदलली तरी निरूपण केल्याशिवाय तो स्टुलावरून खाली उतरत नसे. आणि मला ऐकायचं वेड. कुणी रंगून सांगायला लागलं की माझी मान आपोआप डोलते.

"काका, हा सात नंबर बघा. हिरवा, पण स्थिर. म्हणजे वायर शाबूत, पलीकडचा कंप्युटर चालू, पण बोलणं काही नाही."

"म्हणजे मी आणि तुमची काकू."

"हा नऊ लुकलुकतोय. इथं बोलणं चाललंय."

"ही काकू आणि तिची बहीण."

"नारिंगी म्हणजे चाललंय, पण रडतखडत. आणि दिवाच नसेल तर वायर तुटली, नाहीतर पलीकडे कुणी नाही."

वर्षभरात मी नुसत्या दिव्यांवरून सांगू लागलो, की रक्ततपासणीवाल्या बाई जागेवर आहेत की चहाला गेल्या. बुवा खूश. म्हणायचा, "काका, तुमच्यासारखा श्रोता मिळाला की विद्या फळाला येते."

त्या वर्षी त्याला कायम करायचं घाटत होतं. कायम झाला की आवारात दोन खोल्या मिळणार होत्या आणि बहिणीकडे अंथरुणाला खिळलेल्या आईला तो आणणार होता. दाजी म्हातारीला उठताबसता ऐकवायचे, "लेक कधी येतोय न्यायला?" बुवाने त्या खोल्यांच्या खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती. पडद्यांसाठी.

आणि एका सोमवारी सकाळी मी ते केलं.

तेवीस नंबरमधून एक वायर खाली लोंबत असायची. बुवा तिला आपला लॅपटॉप लावून तपासणी करायचा, म्हणून दुसरं टोक मोकळं. मला लोंबणारं काही बघवत नाही. देवघर असो की दप्तर, वस्तू जागच्या जागी हवी. चोवीस नंबर रिकामा दिसला. स्टुलावर चढलो आणि मोकळं टोक त्यात बसवलं. टक्. कसं नीटनेटकं झालं!

बघता बघता दिवे लुकलुकायला लागले. एकूण एक, एका तालात, गजर टिपेला जावा तसे. मी चक्क हात जोडले. म्हटलं, देवा, केवढं बोलणं चाललंय आज! केवढं काम!

काम तर ठप्प झालं होतं. वायर ज्या पेटीतून निघाली त्याच पेटीत परत शिरली, की एकेक निरोप गोल गोल फिरत राहतो, एकाचे हजार होतात आणि त्या गलक्यात कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. चांगली पेटी हा घोळ ओळखून पोर्ट आपणच बंद करते. तशी पेटी द्या, म्हणून बुवाने तीन अर्ज केले होते. अधीक्षक मॅडमचं तिन्ही वेळा एकच उत्तर, "हिचे दिवे लागतायत ना?"

दोन तास. अहवाल अडकले, शस्त्रक्रिया थांबल्या, भुलीसाठी उपाशी ठेवलेली माणसं बाकांवर ताटकळली. मजल्यामजल्यावर धावून बुवा शेवटी माझ्या खोलीत आला. मागोमाग मॅडम. त्याने वर पाहिलं, वायर उपसली. दिवे शांत झाले.

"कोणी लावली ही?" मॅडमनी विचारलं. खोलीची किल्ली आम्हा दोघांकडेच असायची.

"मी नाही लावली," बुवा म्हणाला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. मी बोलायची वाट बघत होता.

मला निवृत्तीला चार महिने होते. आणि मी, रोज सकाळी तासभर नाम घेणारा मी, म्हणालो, "मला यातलं काय कळतंय, मॅडम? मी फायलींचा माणूस. कुठला दिवा कशाचा, एवढंही ठाऊक नाही."

तीस वर्षं राबलेला माणूस खोटं कशाला बोलेल? बुवाचं कंत्राट संपवलं. शुक्रवारी मॅडम समोर खुर्ची टाकून बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "नवा माणूस येईपर्यंत यांना सगळं समजावून जा."

"काकांना यातलं काही कळत नाही," बुवा म्हणाला, "तेव्हा मुळापासून सांगतो. काका, याला दिवा म्हणतात."

मॅडम हसल्या.

"वरच्या ओळीत विषम नंबर, खाली सम. हा एक. त्याच्याखाली दोन. म्हणा."

"एक. दोन," मी म्हणालो.

चोवीसच्या चोवीस पोर्ट त्याने माझ्याकडून वदवून घेतले. कुठला कुठे जातो, दिवा गेला तर आधी काय बघायचं. आवाज तोच, गोडी तीच. तेवीसवर त्याने बोट ठेवलं.

"तेवीस."

"पुढे?"

"चोवीस."

"शाब्बास. काही शंका, काका?"

मॅडम समोरच होत्या. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं.

"नाही," मी म्हणालो.

त्याची आई दाजींच्या घरीच वारली, हे मागाहून कळलं. मला निरोपसमारंभात हार घातला. मानपत्रात 'निष्कलंक सेवा' असं छापलं होतं.

आता एक मागणं आहे. देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका. त्या बुवाची आठवण काढा. 'काकांना सगळं कळतं' एवढं एक वाक्य त्याच्याजवळ होतं. मॅडमसमोर त्याने ते उच्चारलं नाही.