उजव्या नाकातली नथ

चौतीस वर्षांपूर्वी मी सांगलीच्या एका दैनिकात सिनेमांची चिरफाड करायचो. 'बारवेतली सून' नावाच्या भुताच्या सिनेमावर माझी एकच ओळ गाजली होती: दिग्दर्शकाला नथ कुठल्या नाकपुडीत घालतात हेही ठाऊक नाही, भुताची नथ चक्क उजवीकडे! लोक खदाखदा हसले, सिनेमा आपटला आणि दिग्दर्शक भाऊसोंना पुन्हा कुणी उभं केलं नाही. आता कॉलेजची पोरं तोच सिनेमा डोक्यावर घेऊन नाचतायत. भाऊसो कराडला अंथरुणाला खिळलेत. त्यांची मुलगी राजनंदिनी फोनवर म्हणाली, "तुमी चांगलं लिवलेलं वाचूनच डोळं मिटीन म्हनत्यात आबा." मला लाज वाटली. लेख लिहून खिशात घातला आणि सिनेमा पुन्हा एकदा बघून खात्री करायला निघालो.

सिनेमाची एकच प्रत उरली होती, आटपाडीच्या तंबू-टॉकीजवाल्या चांदसाहेबांकडे. त्यांच्याच तंबूत मी तो पाहिला होता. भर दुपारी त्यांनी गोदामाच्या मधोमध पडदा बांधला आणि मशीन सुरू केलं. भूत आलं. नथ डावीकडे होती.

मग आठवलं. तंबूत पडदा असाच मधोमध असायचा. पुढून पुरुष बघायचे, मागून बायका, आणि मागून सगळं चित्र उलटं दिसायचं. त्या दिवशी मी उशिरा पोचलो होतो, अंधारात सापडेल त्या फटीतून आत घुसलो होतो.

"चांदसाहेब, मी बायकांच्या बाजूला बसलो होतो हो! एका बाईनं सरकून जागा दिली. नथ उजवीकडं हाय बगा, असं तीच म्हणाली. तेच मी छापलं."

चांदसाहेब मशीनपासून माझ्याकडे वळले.

"आवं, त्या खेळाला मागं एक बी बाई नव्हती. शूटिंगला भुताच्या कामासाठी हितलीच पोर घेतली हुती, ती बारवंत खरंच बुडाली. भाऊसोनं क्यामेरा चालूच ठिवला, आन् त्योच तुकडा सिनेमात घातला. म्हून गावातली एकबी बाई आली न्हाई."

पडद्यावर तोच तुकडा चालू होता. माझ्या खिशातल्या लेखात त्याला मी 'अभिनयाचा कळस' म्हटलं होतं. त्या बुडालेल्या पोरीला हा सिनेमा पडायला हवा होता आणि मी तो पाडलाही होता. आता मीच तो उभा करायला निघालो होतो.

मी उठून पडद्यामागे गेलो. तिथून नथ उजवीकडे दिसत होती. पाण्यातला हात वर आला, बुडाला, पुन्हा वर आला. ती कुणाला तरी हाका मारत होती.

फोन वाजला. राजनंदिनी.

"लिवलं का वो? आबा इचारत्यात."

माझ्या शेजारी बांगड्या वाजल्या. कुणीतरी सरकून मला जागा करून दिली.

"नाही लिहिणार," मी म्हणालो आणि तिच्याशेजारी खाली बसलो.