उलटी लव

कोट हँगरवर एका रांगेत लागले आणि मालकीणबाईंचा चेहरा उतरला. बँडवाल्यांची ऑर्डर, सगळे कोट सारखे दिसायला हवेत, आणि इथे एक काळपट लाल, शेजारचा भडक लाल. मखमल तीच, ताकाही तोच.

"कुणी केलं हे?"

सुपरवायझरने डोळ्याची पापणीही न लववता टेबलाच्या टोकाशी उभ्या ताईकडे हात केला, "ताईने. कापडाचे थर तीच पसरते."

कटिंग टेबलाशी उभ्या लांब्याची कात्री हातातच थांबली. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणायचे, आणि हा सुपरवायझर त्याचा सख्खा मामा. बाप गेल्यावर याच मामूने त्याला हाताला धरून कामाला लावलं होतं.

मखमलीचं असं असतं, की तिची लव एकाच बाजूला झुकते, आणि उलट धरली की रंग वेगळा दिसतो. म्हणून टेबलाच्या टोकाला पोचलं की कापड कापायचं, परत पहिल्या टोकाला न्यायचं आणि तिथूनच पुढचा थर पसरायचा. घाई झाली म्हणून मामूच ओरडला होता, "कापत काय बसता? तिथूनच परत फिरवा!" ताई म्हणाली होती, "अहो, लव उलटी जाईल." लांब्याही म्हणाला होता. मामूने दोघांनाही गप्प बसवलं होतं.

"संध्याकाळी हिशोब करून टाका तिचा," एवढं बोलून बाई केबिनमध्ये गेल्या. ताई टेबलावरच्या चिंध्या उगाचच गोळा करत राहिली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारच्या नमाजला नेहमीसारखे कापडाच्या गठ्ठ्यांमागे मुसलमान कामगार उभे राहिले. नमाज पढवायला पुढे मामू. लांब्याचं कपाळ जमिनीला टेकलं खरं, पण डोक्यात ताईच. मालकासमोर मान खाली घालायची सवय लागली, म्हणून त्या मालकांच्याही मालकासमोर खोटं घेऊन वाकायचं? दुवेला उचललेले हात त्याला जड झाले.

बाकीचे कामाला लागले, तसा तो मामूजवळ सरकला.

"मामू, बाईंना खरं सांगा."

"वेडा झालास? माझी जागा जाईल. आणि ती आपली कोण लागते? ना नात्याची, ना नमाजची."

"न्यायाला नातं लागतं का, मामू? जवळच्या माणसाविरुद्ध बोलायची वेळ आली तरी खरी साक्ष द्या, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"आता मलाच धडे दे! माझ्यावर उलटायला वाढवलं का तुला?"

"उलटत नाही हो. जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करायची असते. त्याचा हात धरून, त्याला थांबवून." लांब्याने हात पुढे केला. "धरू का?"

मामूने हात झटकला. "चल हट."

लांब्या एकटाच निघाला. केबिनच्या दाराशी तो थबकला. मामूची नोकरी गेली, तर आईला काय तोंड दाखवायचं? 'या अल्लाह, जीभ तेवढी सरळ ठेव,' एवढंच पुटपुटला आणि दार ढकललं.

"बाई, ताईंनी नको म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं. तरी कापलं मीच, त्यामुळे मीही सुटत नाही. पण थर फिरवायला सांगितलं ते—"

"मी सांगितलं." मागे मामू उभा होता. घामाघूम. "ताईची काही चूक नाही. खोटं बोललो मी."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाल्या, "ताई राहतील. सुपरवायझर कोण, ते उद्या बघू. नवा ताका काढा, आणि या वेळी ताई सांगतील तसं."

बाहेर आल्यावर मामूने कपाळ पुसलं.

"तुझी आई फाडून खाईल मला."

"का?"

"पोराला एकट्याला पाठवलं म्हणून." मग टेबलाशी जाऊन त्याने कापडाचं टोक उचललं. "ताई, चुकलो मी. माफ करा. बोला, कुठून सुरू करू?"

ताईने डोळे पुसले. "आधी हात धुवा, घाम लागेल मखमलीला."

लांब्या फिसकन हसला. मामू मुकाट्याने नळाकडे गेला.