गोडी कोणी मोजली?

मी एक जुना ब्रिक्स मीटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. द्राक्षे किती गोड झाली ते मी सांगतो. माझ्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचे आणि उजेडाकडे धरून नळीतून पाहायचे. आत आकडा दिसतो; आकडा जितका मोठा, तितकी गोडी जास्त.

दिंडोरीजवळच्या एका वाइनरीत मी आलो तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! पुढे बटणाचे नवे मीटर आले आणि मी खणात गेलो. तिथून मला बाहेर काढले आशाताईंनी. नऊ वर्षे त्या मळ्यात फिरून गोडी मोजत आहेत. घडाचा वरचा मणी, मधला, शेंड्याचा. उन्हाकडचा आणि सावलीतलाही. सगळ्यांचा रस एकत्र केल्यावरच मला थेंब मिळतो. काम झाले की त्या मला धुऊन, पुसून ठेवतात.

यंदा सुपरवायझरची जागा निघाली. आशाताईंना ती मनापासून हवी होती. पण मॅनेजर प्रफुल्ल सरांच्या सकाळच्या मीटिंगमध्ये त्या कधी तोंड उघडत नसत. आपले काम बोलते, असे म्हणत. काम कसले बोलते! मी इतके काम केले, तरी खणातून मला एक हाक मारता आली नाही.

तोडणीच्या तोंडावर त्यांचा सहकारी नवनाथ याने रस्त्याकडेच्या वेलींचे वरचेच, जास्त गोड मणी मोजले आणि चोवीस आकडा सांगून टाकला. तोडणीला मजूरही ठरले. आशाताईंनी सगळा प्लॉट फिरून मोजले, तर वीस. द्राक्षे अजून तयार नव्हती. चारचौघांत नवनाथची शोभा नको, म्हणून त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले. पठ्ठ्याने मीटिंगमध्ये काय सांगावे? म्हणे, "मीच पुन्हा तपासले, तोडणी थांबवा." सरांनी त्याची पाठ थोपटली. दहा दिवसांनी तोडणी झाली, माल उत्तम निघाला आणि नवनाथ सुपरवायझर झाला. मी आशाताईंच्या पिशवीत नुसता चडफडत होतो. त्या दिवशी आशाताई मला पुसत बसल्या, त्या बराच वेळ पुसतच राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी नवनाथ हजर. "आशाताई, खालच्या प्लॉटचा आकडा द्या ना. सर विचारतील मला."

"देते ना, भाऊ. पण मीटिंगमध्ये देते. माझ्या तोंडानं."

आणि त्या खरोखर बोलल्या. आकडा सांगितला, कुठले मणी घेतले ते सांगितले, मागचा वीसही आपणच काढला होता हेही सांगितले.

सर म्हणाले, "मग आशाताई, नऊ वर्षं बोलला का नाहीत?"

असा संताप आला मला! नऊ वर्षे तुम्ही विचारले का नाही, सर?

मित्रांनो, मला वापरलेत तर धुऊन ठेवा, नाहीतर वाळलेल्या रसाने माझी काच आंधळी होते. आकडा कळला की तो कोणी काढला तेही विचारा. आणि तुम्हीच काढला असेल, तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा. आशाताईंनी सांगितले, पण तोवर जागा भरली होती.