काठी पडली नाही

तुम्ही पांगळ्या स्केवोसची खुर्ची पहिल्या रांगेतून उचलायला लावलीत, माणसासकट. आणि त्याच जागेवर तुमच्या पाहुण्यांना बसवलंत, त्याच्याच पायांची नक्कल बघायला.

ईस्टर उरकला होता. दुसऱ्या दिवशी बोटी स्पंज काढायला निघणार, म्हणून आमच्या कालिम्नोस बेटाच्या धक्क्यावर तुम्ही नगरपालिकेच्या लोकांनी नाच ठेवला होता. खुर्ची उचलणाऱ्या पोरांना बोल नाही. “पाहुण्यांना बघवणार नाही,” असा तुमचाच निरोप. त्यांनी म्हाताऱ्याला मासळीच्या खोक्यांमागे नेऊन ठेवलं.

त्याचा मुलगा नोमिकोस नाचाचा म्होरक्या. काठी घेऊन तो खोक्यांमागे आला.

“बा, मी नाही नाचत आज.”

“का? पाय मोडला?”

“तुला असं कचऱ्यासारखं आणून टाकलं...”

“कचऱ्याला कधी खुर्ची देतात का रे? जा. पोथितोस व्हायोलिन घेऊन ताटकळलाय. पिऊन आडवा व्हायच्या आत गाठ त्याला.”

हा नाच आमच्या बेटाचा. हातात हात धरलेल्या रांगेच्या पुढे म्होरक्या आधी ताठ नाचतो, मग पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्यासारखा लुळा पडतो, काठीवर थरथरतो. शेवटी काठी फेकतो, व्हायोलिन धावत सुटतं, आणि पाय परत आले असं सगळं बेट घटकाभर धरून चालतं.

थरथर शिकवली ती बापानेच. स्केवोसला बोटीच्या मालकाने भराभर वर ओढून घेतलं होतं. रक्तात हवेचे बुडबुडे झाले. पाय काही वर्षं थरथरले, मग लाकडासारखे पडून राहिले.

“हाड म्हणजे डोलकाठी,” मांडीवर थापट मारून तो सांगे. “पुढून एक दोर, मागून एक. दोर ओढतो, ढकलत नाही. एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं, तेव्हा कुठे माणूस चालतो. आता दोन्ही एकदम ओढ. सोडू नको कुणाला. हां, झालास माझ्यासारखा.”

“तुझे दोर तुटले का, बा?”

“दोर शाबूत आहेत. हुकूम देणारा खाली राहिला, पाण्यात.”

आणि हे कशापायी? ज्या जिवाला हाड नाही, स्नायू नाही, जो जन्मात जागचा हलत नाही, त्या स्पंजापायी. लोकांनी आंघोळीला अंग चोळावं म्हणून.

अलीकडे नाच संपला तरी नोमिकोसच्या मांड्या थांबत नसत. अंथरुणात बायकोने एकदा हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. “हे पाय तुमचे नाहीत,” ती म्हणाली आणि कूस बदलून पडली.

त्या दिवशी तो ताठ नाचला, मग काठीवर वाकला. थरथर आली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काठी टाकायची वेळ झाली, पोथितोसने सूर लांबवला, काठी काही पडेना.

“टाक की रे,” पोथितोस दातांतून पुटपुटला. “माझा हात भरून आलाय.”

नोमिकोसने मागचा दोर सैल सोडून पाहिला. सुटला नाही. पुढचा सोडून पाहिला. तोही नाही. थरथर आता तो करत नव्हता.

तसाच पाय फरफटत तो नाचासाठी मांडलेल्या फळ्यांवरून खाली उतरला. म्होरक्या जाईल तिकडे रांग जाते, धरलेले हात सुटू द्यायचे नसतात. सगळी माणसं एकमेकांना धरून त्याच्यामागून तुमच्या खुर्च्यांसमोरून खोक्यांमागे गेली. व्हायोलिनही गेलं.

“काठी टाक, गाढवा,” स्केवोस म्हणाला.

“सुटत नाही, बा.”

म्हाताऱ्याने दोन्ही तळहात मुलाच्या मांड्यांवर ठेवले. बिथरलेल्या खेचराला धरावं तसे, दाबून. बराच वेळ. मग मान खाली घालून हळूच म्हणाला, “ओळखतो मी यांना.”

तेवढ्यात धक्क्यावर तुमचा भोंगा वाजला: नाच संपला, पाहुण्यांनी जेवायला चलावं. इथे खोक्यांमागे पोथितोस अजून वाजवत होता, कारण काठी पडल्याखेरीज आमच्यात व्हायोलिन थांबत नाही. ती अजून पडलेली नाही. मग नाच संपला हे तुम्ही कुणाच्या हुकमाने सांगितलंत? उत्तर द्या.